जात्याजवळचा सूर

तुमच्या संगीताच्या उद्योगांबद्दल थोडं बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी मला कळवलं तेव्हा मला पहिल्यांदा हसूच आलं. मी काही गाणारी नव्हे. कॉलेजात शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि भौतिकशास्त्र हा माझा विषय. घरात कुणी गवई झाला नाही. वडील शेती करतात. ऊस आणि थोडी हळद. आमचं गाव मिरजेपासून एस्टीनं तासाभराच्या वाटेवर. पण 'उद्योग' हा शब्द मात्र मला पटला. आमच्या घरीही तोच चालतो. मी पेटी उघडून बसले की आई शेजारणीला सांगते, "पोरीचे उद्योग चाललेत."

या उद्योगांची सुरुवात कुठं झाली म्हणाल तर एस्टीत. सकाळची साडेसहाची गाडी स्टँडवर उभी असते, इंजिन चालू असतं, आणि त्या घरघरीत एक सूर सतत लागलेला असतो. खिडकीची सैल काच त्याच्यावर आपला वेगळा सूर धरते. मी त्या इंजिनाच्या सुराला षड्ज मानते आणि तोंड मिटून त्यावर काहीबाही गुणगुणते. ड्रायव्हरनं गाडी हलवली की षड्ज वर पळतो आणि माझी फजिती होते. शेजारी बसलेली एक मावशी एकदा मला हळूच म्हणाली, "बाई, पोटात दुखतंय का?" तेव्हापासून गाडी सुटली की मी गप्प बसते.

पहिला खरा उद्योग पेटीचा. आमच्या भजनी मंडळाची पेटी जुनी आहे. मागल्या वर्षी तिच्या मधल्या सप्तकातला कोमल निषाद बोलेनासा झाला. पट्टी दाबली की नुसता वारा. मंडळातले आप्पा म्हणाले, "मिरजेला न्यायची म्हंजे पैसे आले. तू शास्त्र शिकतीस, बघ की जरा." शास्त्र शिकणाऱ्याला सगळंच दुरुस्त करता येतं, अशी खेड्यात समजूत असते. मी वरची फळी काढली. आत सुरांच्या पितळी पत्त्या ओळीनं बसवलेल्या. ज्या पत्तीचा सूर बंद होता तिच्या फटीत काळी भुकटी अडकली होती. बोटाला घेऊन पाहिली तर बुक्का! वर्षानुवर्षं एकादशीला कपाळाला लावताना उडालेला बुक्का भात्याच्या वाऱ्याबरोबर आत गेला होता आणि निषादाच्या घशात बसला होता.

साध्या कागदाच्या कडेनं तो काढला आणि सूर बोलू लागला. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पुस्तकात वाचलं होतं की पत्ती टोकाकडून किंचित घासली तर ती हलकी होते आणि सूर चढतो, बुडाकडून घासली तर लवचीक होते आणि सूर उतरतो. मला तो निषाद थोडा उतरलेला वाटला. मी टोक घासलं. जरा जास्तच घासलं. आता आमच्या मंडळाच्या पेटीचा तो निषाद बाकीच्या सुरांपेक्षा थोडा वर बोलतो, आणि आप्पा सगळ्यांना सांगतात, "ह्यो निषाद कॉलेजात गेल्याला हाय."

पेटीवरून आठवलं. ज्या आकाशवाणीवरून मी बोलते आहे, तिनंच एके काळी पेटीला घराबाहेर ठेवलं होतं. १९४० साली त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. भजनात, तमाशात, संगीत नाटकात पेटी सगळीकडे होती, रेडिओवर नव्हती. कारण काय, तर पेटीचे सूर ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर गळा जसा घसरत जातो, तशी मींड पेटीतून निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये जे आहे ते पेटीला म्हणताच येत नाही.

ही गोष्ट मी वाचली होती, पण मला ती पटली नव्हती. वाटायचं, काय मोठा फरक पडतो? मग एकदा गाडी चुकली म्हणून मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत शिरले. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातात. त्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा मात्र पंढरपूरकडच्या शेतातला. एका दुकानात एक कारागीर जवारी लावत होते. मला उभी पाहून त्यांनी खर्जाची तार छेडली आणि म्हणाले, "ऐका. आत गंधार आहे. मी तो वाजवलेला नाही." आधी मला काहीच ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा तार छेडली तेव्हा खर्जाच्या पोटातून एक बारीक, गोड सूर वर आला. कुणी न छेडलेला गंधार!

घरी येऊन मी हिशेब केला. पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांतल्या अंतराचे १०० भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार त्या तंबोऱ्यातल्या गंधाराहून सुमारे १४ भाग चढा असतो. तंबोऱ्याशी पेटी नेमकी जुळत नाही ती यामुळे. आमच्या सांगलीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कृष्णाजी बल्लाळ देवल नावाच्या गृहस्थांनी याच गोष्टीचा ध्यास घेतला होता. बावीस श्रुतींवरचं त्यांचं पुस्तक १९१० साली निघालं. सुरांची मोजमापं करायची, ती गवयाच्या गळ्याशी ताडून पाहायची, श्रुती बोलतील अशी पेटी करवून घ्यायची, असे त्यांचे उद्योग. एस्टीत बसून मी कधी कधी विचार करते, त्यांच्याही घरी कुणी म्हणत असेल, "यांचे उद्योग चाललेत."

असो. गुरुजन मंडळी हे भाषण ऐकत असतील, त्यांच्यासाठी दुसरा उद्योग सांगते. आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शनिवारी सकाळी प्रार्थनेला पेटी वाजवायला जाते. तिथं रोजची एक अडचण होती. गुरुजी आपल्या गळ्याला सोयीच्या सुरात प्रार्थना उचलायचे. पुरुषाचा गळा तो. मुलांना इतक्या खाली जाता येत नाही, म्हणून निम्मी मुलं पुटपुटत राहायची. आणि बाकीची एकदम सप्तकभर वर उडी मारायची, ती अंतऱ्यावर पोहोचेपर्यंत किंचाळायला लागायची. मग गुरुजी म्हणायचे, "ओरडू नका!" मुलं ओरडत नव्हती हो, त्यांना तिथून खाली यायला वाटच नव्हती.

मी एक केलं. आधी कुणीच सूर द्यायचा नाही. मुलांना म्हटलं, डोळे मिटा आणि तोंड मिटून आपापल्याला बरं वाटेल तिथं गुणगुणा. पहिल्यांदा मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज झाला. पण एक-दोन मिनिटांत तो आवाज आपोआप एका जागी गोळा होऊ लागला. ती जागा पेटीवर शोधली. आमच्या शाळेत ती मधल्या सप्तकातल्या काळी दोनच्या आसपास निघाली. तिथं षड्ज धरला आणि प्रार्थना उचलली. किंचाळणं गेलं. तुमच्या शाळेत ती जागा दुसरी असेल. पेटी नसली तरी चालेल. मुलांना आधी गुणगुणू द्यावं आणि मग गुरुजींनी त्यांच्या सुरात शिरावं.

चौथीतला एक मुलगा होता. त्याला सगळे 'बेसूर' म्हणत आणि त्याला सांगितलेलं असे की तू नुसते ओठ हलव. त्याला जवळ बसवून ऐकलं तर तो मुळीच बेसूर नव्हता. तो अख्खी प्रार्थना खालच्या पंचमावरून म्हणत होता. चाल बरोबर, फक्त त्याचं घर तीन पायऱ्या खाली. गळा बसका होता, त्याला वरचा षड्ज परवडत नव्हता. बेसूर मूल क्वचितच असतं. बहुतेकांचा षड्ज वेगळा असतो आणि तो कुणी विचारलेला नसतो.

इतकं शहाणपण मी शाळेत सांगत होते, आणि घरी मात्र नेमकी उलटी वागले. ती तिसऱ्या उद्योगाची गोष्ट. तीच खरं म्हणजे मला आज सांगायची आहे. आजीची परवानगी घेऊन सांगते आहे. कुठवर सांगायचं तेही तिनंच ठरवून दिलं आहे.

आमची आजी आता ऐंशीच्या पुढची. तिला ओव्या येतात हे आम्हाला ठाऊक होतं. लग्नात हळद दळताना, घाणा भरताना ती चार ओव्या म्हणायची. कॉलेजचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. मला वाटलं, आजीच्या ओव्या मोबाईलवर भरून घ्याव्या आणि त्यांना साथ जोडून काहीतरी नवीन करावं. मी तिच्यापुढं मोबाईल धरला आणि म्हटलं, "आज्जी, म्हण."

आजी म्हणाली, "काय म्हणू?"

"ओवी म्हण की."

"अशी बसून? जात्याबिगर? तोंडाला यायची न्हाई बाय."

मला वाटलं, लाजते आहे. पण खरंच येईना. पहिला चरण म्हणायची आणि अडायची. हात मांडीवर ठेवलेला, तो आपोआप गोल फिरायला लागायचा आणि थांबायचा. शेवटी गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं जातं आम्ही बाहेर काढलं. वरच्या तळीवर कोंबड्यांच्या पाण्याचं मडकं बसलेलं होतं. दगड गुळगुळीत झाला होता. पूर्वी जात्याला टाकी लावणाऱ्या बाया दारावर हाळी देत यायच्या, आता कुठल्या? गावातल्या एका गवंड्यानं छिन्नीनं टाके घालून दिले. नवा खुंटा ठोकला. आजीनं जातं धुतलं, हळदकुंकू वाहिलं, पहिली वैरण घातली, आणि काय सांगू! नळाला पाणी यावं तशी ओवी आली.

तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मुठभर ज्वारी नुकतीच घातलेली असली की जातं जड चालतं, आणि ओवीचीही चाल सावकाश असते. दाणे भरडत आले की जातं हलकं होतं, ओवीही भरभर चालते. मग पुन्हा वैरण, पुन्हा सावकाश. शेवटचा चरण लांबतो तो बहुधा हात वैरणीकडे वळलेला असतो म्हणून. दगडाची घरघर हाच तिचा तंबोरा आणि खुंट्याचा फेरा हाच तिचा ताल. त्या ओवीतून जातं काढून घेतलं तर ती आजीला आठवत नाही, यात नवल ते काय?

पहाटे पहाटे दहा-बारा दिवस बसून आम्ही सत्तेचाळीस ओव्या भरल्या. आई चहा करता करता ऐकायची. वडील त्या वेळी रानात पाण्याच्या पाळीला गेलेले असायचे.

आता माझा पराक्रम ऐका. साथ जोडायला बसले तर पेटी जुळेना. आजीचा षड्ज मोजला तर तो २०२ आवर्तनांच्या जवळपास निघाला. पांढरी पाच १९६ वर बोलते, काळी चार २०८ वर. आजी बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये. गंधाराचं तर विचारूच नका. तो कोमल म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. जात्याच्या फेऱ्यानुसार लयही मागंपुढं होणारी. आजकाल संगणकावर अशी सोय असते की गाणाऱ्याचा सूर उचलून जवळच्या पट्टीवर नेऊन ठेवता येतो आणि लय फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ करता येते. मी आजीच्या सात ओव्या निवडल्या, सगळे सूर सरळ केले, लय सरळ केली, मागची दगडाची घरघर 'गोंगाट' म्हणून काढून टाकली, खाली ढोलकीचा ठेका आणि पेटी घातली. देवलांच्या गावाजवळ राहून, तंबोऱ्याच्या पोटातला गंधार ऐकून, मी हे केलं.

कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं होतं, चारशेच्या वर मंडळी असतील. टाळ्या पडल्या. दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर माझं नाव होतं, आणि अर्जात 'गीत' या शब्दापुढं मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : पारंपरिक.

संध्याकाळी घरी येऊन आजीला ऐकवलं. तिनं मोबाईल कानाला लावून ऐकलं आणि विचारलं, "ही कोण बाई?"

मी हसले. म्हटलं, "अगं तूच की!"

आजीनं पुन्हा ऐकलं. या खेपेला शब्द ओळखले असावेत. चौथ्या ओवीला तिचा चेहरा उतरला. तिनं मोबाईल खाली ठेवला आणि विचारलं, "किती माणसं हुती?"

"चारशे तरी असतील."

आजी उठली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, आवाज बदलला म्हणून रागावली. मी मनाशी ठरवलं की मूळ आवाज तसाच ठेवून, जात्याची घरघर ठेवून, पुन्हा नीट बसवू म्हणजे झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी जात्याजवळ जाऊन बसले आणि तसं सांगितलं.

आजी म्हणाली, "आवाजाचं काय घिऊन बसलीस? आवाज गेल्यालाच हाय माझा." मग बराच वेळ ती नुसती दळत राहिली. आणि मग तिनं सांगितलं.

वडिलांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. दोन वर्षांची होऊन गेली. त्या काळी घरात मोठी माणसं होती, गेलेल्या पोरीचं नाव काढायचं नाही अशी शिस्त होती, आणि पुढं मुलगे झाल्यावर तर तो विषयच मिटला. आजोबांशीही ती त्याबद्दल कधी बोलली नाही. वडिलांना आपल्याला मोठी बहीण होती हे माहीतच नव्हतं. चौथी ओवी त्या मुलीची होती. शब्द साधे होते, एका पाखराबद्दलचे. मी ते पाखरूच समजले होते.

"मी जात्याला सांगितलं हुतं," आजी म्हणाली. "जातं कुणाला सांगत न्हाई. तू हुतीस म्हून तुझ्या देखत म्हणलं. तू चारशे माणसात वाजीवलंस."

मंडळी, मला त्या वेळी काही बोलता आलं नाही. मी वर्गातल्या मुलामुलींना ते गाणं मोबाईलवर पाठवलेलंही होतं. सगळ्यांना निरोप दिला, ते पुसून टाका. बहुतेकांनी टाकलं असेल. पण मोबाईलवरून मोबाईलवर गेलेली गोष्ट परत गोळा करता येत नाही. सांडलेलं पीठ सुपात भरता येतं, हे नाही येत.

त्यानंतर मी शोधून शोधून वाचू लागले की ओव्या गोळा करणारी माणसं हे कसं करतात. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी तर जन्मभर लोकसाहित्य गोळा केलं. आणि अलीकडचं मोठं काम म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचं. महाराष्ट्राच्या गावोगावी जाऊन त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. 'पारी' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आता वाचायला आणि ऐकायला मिळतात. तिथं एक गोष्ट मला लागली. ओवीबरोबर बाईचं नाव असतं, गाव असतं. कित्येकींचा फोटोही असतो. ओवी जुनी खरी, दहा जणींच्या तोंडातून आलेली. पण या दिवशी, या गावात, या बाईनं ती म्हटली, अशी नोंद तिथं आहे. मी लिहिलं होतं, पारंपरिक. परंपरा आमच्या सोप्यात बसून दळत होती, तिला विचारायचं सोडून!

मग मी आजीला म्हटलं, आपण सगळ्या ओव्या पुन्हा ऐकू. तू सांग कुठली कुणी ऐकायची. पहिल्यांदा ती म्हणाली, "हे काय आणि नवं?" पण बसली. एकेक ओवी ऐकायची आणि हातानं खूण करायची. अंगण दाखवलं म्हणजे सगळ्यांनी ऐकली तरी चालेल. चुलीकडं हात केला म्हणजे घरातल्या बायकांपुरती. आणि काही ओव्यांना ती नुसती मान हलवायची. राम-सीतेच्या, विठ्ठलाच्या, भाऊ माहेराला न्यायला येतो त्या ओव्या अंगणात गेल्या. सासूवरची एक भारी ओवी होती, मला वाटलं ती चुलीकडं जाईल. आजी म्हणाली, "वाजीव वाजीव, सासू काय आता ऐकाया येती?" सत्तेचाळीसपैकी एकतीस अंगणात, नऊ चुलीपाशी, सात कुणालाच नाही.

त्या सात मी तिच्यासमोर पुसल्या. एकेक पुसताना ती मोबाईलकडे बघत होती. सहावी पुसल्यावर तिनं विचारलं, "पुसली म्हंजे जाती कुठं?" मी शास्त्राची विद्यार्थिनी, मला उत्तर यायला हवं होतं. मी म्हटलं, "तुझ्याकडंच राहती."

सातवी ती पाखराची होती. मी बोट लावणार तेवढ्यात आजी म्हणाली, "थांब."

त्या दिवशी वडील जेवायला लवकर आले होते. हातपाय धुऊन उंबऱ्यावर बसले होते. आजीनं मला खूण केली. मी मूळ ओवी लावली. सूर सरळ न केलेली, मागं जात्याची घरघर असलेली. वडिलांनी ऐकली आणि म्हणाले, "चांगली हाय की." मग आजीनं त्यांना सांगितलं. माझ्या देखत, आईच्या देखत, अगदी थोडक्या शब्दांत. वडील बराच वेळ उंबऱ्यावरच बसून राहिले. ताट निवलं. मग त्यांनी विचारलं, "नाव काय हुतं तिचं?"

आजीनं नाव सांगितलं. ते नाव मात्र रेडिओवर सांगायचं नाही, असं तिनं मला निघताना बजावलं आहे.

माझं बोलणं संपलं की, अंगणातल्या एकतीस ओव्यांपैकी एक ओवी तुम्हाला ऐकवली जाईल. ती आजीनं स्वतः निवडली आहे, आणि आत्ता ती घरी रेडिओजवळ बसलेली आहे. मी त्या ओवीला काहीही केलेलं नाही. सुरुवातीला घरघर ऐकू येईल ती जात्याची आहे. मध्येच एक कोंबडी ओरडते, तीही आमचीच. आणि आजीचा षड्ज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये आहे, तेव्हा कुणी पेटी घेऊन बसला असेल तर त्यानं ती बाजूला ठेवावी. रेडिओ बिघडलेला नाही.